ग्वाल्हेरची प्रयोगशाळा आणि सत्तरीचा ताप

ग्वाल्हेर म्हटले की मराठी मनासमोर दोन गोष्टी उभ्या राहतात. एक राणी लक्ष्मीबाईची समाधी आणि दुसरी ख्यालगायकी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून ग्वाल्हेरची तालीम घेतली, ती विद्या दक्षिणेत आणली आणि शिष्यांना मुक्त हस्ते वाटली. विद्या जेथे आहे तेथे जावे, ती अंगी मुरवावी आणि परत येऊन आपल्या माणसांच्या स्वाधीन करावी, ही तालमीची रीत आहे. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते ग्वाल्हेरच्या तिसऱ्याच एका गोष्टीविषयी; परंतु ही रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्याशीच येऊन भिडणार आहे.

शिंदे संस्थानाने १९४७ साली ग्वाल्हेरात जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा काढली. पुढे १९६६ साली ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ मध्ये तिला संरक्षण संशोधन व विकास आस्थापना हे आजचे रूप मिळाले. रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासून सैनिकांचे रक्षण हे तिचे मुख्य काम. पण सैनिकाला जो जंतू ग्रासतो तोच शेतकऱ्यालाही ग्रासतो. त्यामुळे या भिंतींआडच्या संशोधनाचा लाभ सामान्य माणसापर्यंतही पोचत आला आहे. २००१ साली खुद्द ग्वाल्हेरात डेंग्यूची साथ आली तेव्हा तिचा छडा येथेच लागला. २००६ मध्ये चिकुनगुन्याने दक्षिण आणि मध्य भारत अंथरुणाला खिळवला, तेव्हा हा विषाणू पूर्वी आपल्याकडे आढळलेल्या जातीचा नसून आफ्रिकी जातीचा आहे, हे येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आणि याच प्रयोगशाळेत डास, गोचिडी यांना अंगापासून दूर ठेवणारे ‘डेपा’ हे द्रव्य तयार झाले. शिमोगा आणि कारवार जिल्ह्यांतील रानात जाणाऱ्या माणसांना कर्नाटकाचे आरोग्य खाते आज हातापायांस चोळण्यासाठी जे तेल वाटते, ते हेच.

ग्वाल्हेरचे तेल सह्याद्रीत कशासाठी? उत्तर सत्तरी आणि दोडामार्गच्या लोकांना ठाऊक आहे. ते माकडतापासाठी.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात, वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. जंगलातील गोचिडीच्या चाव्यातून तो माणसात शिरतो. डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. त्यावर हमखास औषध नाही, आणि जी जुनी लस होती तिचा प्रभाव अपुरा ठरल्याने तिचा वापर थांबला. पन्नासाहून अधिक वर्षे हा ताप कर्नाटकातील मोजक्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२ नंतर मात्र त्याने पाय पसरले. बंदिपूर, निलगिरी, वायनाड, मलप्पुरम अशी नावे एकामागून एक ऐकू येऊ लागली. २०१५ मध्ये तो आमच्या सत्तरीतील पाली गावात प्रकटला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि नंतर बांदा परिसरात. घरटी माणूस आजारी आणि रानात मेलेली माकडे, असे ते दिवस होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना आकडेवारी सांगावयाची गरज नाही.

त्याच हंगामात जी एक गोष्ट उघडकीस आली, तिच्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही असे आमचे मत आहे. काजूच्या हंगामात खानापूर तालुक्यातील मजूर चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बागायतींत कामाला येतात. बोंडू गोळा करावयाचे, पातेरा सारावयाचा, रानाच्या कडेला खोपट बांधून राहावयाचे. गोचीड चावली ती येथे. ताप चढला तो गावी परतल्यावर. गोचीड चावल्यापासून ताप येईतो तीन ते आठ दिवस जातात, आणि तेवढ्या अवधीत मजुराची हजेरी मिटलेली असते, हिशेब झालेला असतो आणि तो घाट चढून गेलेला असतो. पुढील संशोधनात या मजुरांना गोव्यातील काजूच्या बागायतींतच लागण झाल्याचे स्पष्ट झाले.

आता हे प्रकरण कागदावर कसे दिसते ते पाहा. रुग्णाची नोंद कर्नाटकात होते. रोगाचे उगमस्थान गोव्यात असते. कणकुंबी वा जांबोटीच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरने त्याला नुसते ‘ताप किती दिवस?’ एवढेच विचारले, तर नोंदवहीत एक तापाचा रुग्ण वाढतो आणि प्रकरण मिटते. ‘गेल्या पंधरवड्यात कोठे होतास?’ असे विचारले तर काजूची बाग निघते, बागेचे गाव निघते, त्या गावी मेलेल्या माकडाची बातमी निघते. मग त्याच बागेत उद्या कामाला जाणाऱ्या दहा जणांना तेल देता येते, जागेवर भुकटी मारता येते, आजाऱ्यांना वेळीच इस्पितळात नेता येते. दोन प्रश्नांमधले हे अंतर. रोगपाळत या भारदस्त शब्दाचा अर्थ, सारी परिभाषा बाजूला सारल्यावर, एवढाच उरतो. आणि तो दुसरा प्रश्न विचारावयास शिकवणे, याला प्रशिक्षण म्हणतात.

माहिती गोळा करण्याची यंत्रणा देशात नाही असे नव्हे. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. आरोग्यसेवकाने लक्षणांची, डॉक्टरने संशयित रुग्णांची आणि प्रयोगशाळेने सिद्ध झालेल्या रुग्णांची नोंद करावयाची, अशी त्याची त्रिस्तरी रचना. २०२१ पासून ही माहिती आठवड्याऐवजी रोजच्या रोज संगणकावर चढवण्याची सोय झाली. चांगलेच झाले. परंतु संगणक रुग्णाला प्रश्न विचारीत नाही. त्याच्या पोटात जे घालावे तेच तो परत देतो.

ही यंत्रणा कोणत्या धक्क्यातून जन्मली, हेही आठवून पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. ज्या डॉक्टरांनी प्लेग केवळ पुस्तकात वाचला होता ते गोंधळले. सुरतेतील कित्येक खासगी डॉक्टरांनी तर गावच सोडले. लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले आणि त्यांच्याबरोबर भीती देशभर पोचली. मृत्यू पन्नासच्या आसपास. पण आखाती देशांनी विमाने थांबवली, माल नाकारला आणि भारत म्हणजे प्लेग अशी आवई जगभर उठली. हा प्लेगच आहे की आणखी काही, यावर तज्ज्ञांत महिनोन् महिने वाद चालला. सुरत आणि बीड येथील नमुन्यांतून मिळालेले जंतू प्लेगचेच आहेत, हे ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्याचा शास्त्रीय निबंध प्रसिद्ध होईतो १९९६ साल उजाडले होते. प्रयोगशाळा होती, शास्त्रज्ञ होते. नव्हता तो सुरतेतील रुग्णाच्या खाटेपासून ग्वाल्हेरातील सूक्ष्मदर्शकापर्यंतचा चालता रस्ता. रस्ता म्हणजे माणसे: नमुना केव्हा घ्यावा, कसा घ्यावा, कशात ठेवावा, कोणाकडे धाडावा आणि तोवर गावाला काय सांगावे, हे जाणणारी माणसे.

अशी माणसे घडवण्याची विद्या जगाला अवगत आहे. अमेरिकेने १९५१ साली अलेक्झांडर लँगम्यूर यांच्या पुढाकाराने साथरोगांच्या शोधपथकाची उभारणी केली. त्या पथकाचे बोधचिन्ह म्हणजे तळव्याला भोक पडलेला बूट. दारोदार हिंडून बूट झिजवल्यावाचून साथीचे मूळ सापडत नाही, असा त्याचा अर्थ. (आमच्याकडील बहुतेक खात्यांना बोधचिन्ह द्यावयाचे झाल्यास खुर्चीच शोभेल, पण ते असो.) भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ पासून याच धर्तीचे दोन वर्षांचे शिक्षण चालू केले आणि २०१२ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रातही तसा वर्ग निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत दर दोन लाख लोकसंख्येमागे असा एक शिक्षित साथरोगतज्ज्ञ असावा असे धरले आहे. २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले तरी गोव्यास सात, सिंधुदुर्गास चार आणि बेळगाव जिल्ह्यास चोवीस असे पस्तीस जण या त्रिसीमेवर हवेत. ग्वाल्हेर जिल्ह्यास दहा. हे पस्तीस कोठे आहेत, असा प्रश्न आम्ही तिन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांस विचारतो. भरतीच्या जाहिराती निघतात त्या बहुधा कंत्राटी जागांच्या असतात. दोन वर्षे शिकून आलेला माणूस अकरा महिन्यांच्या करारावर किती काळ टिकेल? तो पहिली बरी नोकरी दिसताच निघून जातो, आणि त्याच्या डोक्यातील गावांचा नकाशाही त्याच्याबरोबर निघून जातो.

माणूस शिकलेला असला म्हणजे काय घडते आणि नसला म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे एकाच रोगाची आहेत. जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये सिलिगुडी येथे एक अज्ञात ताप पसरला. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. इस्पितळांतच तो फैलावला आणि परिचारिका, कर्मचारी, भेटावयास आलेले नातलग यांना त्याने गाठले. तो निपाह होता, हे साथ सरल्यावर बऱ्याच काळाने जतन केलेल्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. सिलिगुडीस बांगलादेश जवळ, नेपाळ जवळ; अशा नाक्यावर रोग निनावी राहिला. मे २०१८ मध्ये तोच रोग केरळात कोळिकोड जिल्ह्यात आला. पहिला रुग्ण ओळखू न येता गेला, पण त्याच्याच घरातील दुसरा आजारी पडताच डॉक्टरांना शंका आली. एकाच घरात दोघांना मेंदूचा ताप कसा, हा त्यांचा प्रश्न. नमुना शेजारच्या राज्यात मणिपालला गेला, तेथून दुजोऱ्यासाठी पुण्याला, आणि काही दिवसांत रोगाचे नाव हाती आले. सतरा माणसे दगावली. त्यांत रुग्णसेवा करणारी एक तरुण परिचारिकाही होती. दुःख लहान नव्हे. पण साथ तेथेच आवरली गेली. केरळचा नमुना कर्नाटकाने तपासला आणि महाराष्ट्राने त्यावर शिक्का मारला, यात कोणाची अस्मिता दुखावल्याचे ऐकिवात नाही.

जगाचे उदाहरण तर आमच्या त्रिसीमेशी चकित व्हावे इतके जुळते. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन हे तीन देश जेथे भेटतात, तेथे डिसेंबर २०१३ मध्ये इबोलाची सुरुवात झाली. सीमेच्या तिन्ही बाजूंस एकाच जमातीची माणसे, सोयरिकी तिकडल्या, बाजार इकडला, मयताला जावयाचे तिसऱ्या देशात. रोगाचे नाव कळेतो मार्च उजाडला. अखेरीस अकरा हजारांवर बळी गेले. त्याच इबोलाचा रुग्ण जुलै २०१४ मध्ये विमानाने नायजेरियात उतरला. लागोससारखे अफाट शहर, प्रलय व्हावयाचा. परंतु पोलिओच्या मोहिमेत घरोघर हिंडून तयार झालेली पथके तेथे हाताशी होती. त्यांनी संपर्कात आलेला माणूस न् माणूस शोधला आणि वीस रुग्णांवर साथ थोपवली. पोलिओसाठी घेतलेले शिक्षण इबोलाला कामी आले. शिकलेल्या माणसाचे हेच तर मोल असते.

आमचे काय? मार्च २०२० मध्ये कोरोनाने दार ठोठावले तेव्हा गोव्यात तपासणीची सोय नव्हती. नमुने पुण्यास जात होते. मग नौदलाच्या विमानाने गोव्यातील डॉक्टरांचे पथक पुण्यास धाडले गेले, तीन-चार दिवसांत ते शिकून परतले आणि बांबोळीस तपासणी सुरू झाली. त्या डॉक्टरांचे आणि नौदलाचे आम्हांस कौतुक आहे. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही. ज्या भूमीत १८४२ साली एस्कोला मेडिका निघाली आणि जेथे शिकलेले वैद्य आफ्रिकेपर्यंत जाऊन रोगाशी झुंजले, त्या भूमीला चार दिवसांच्या शिकवणीसाठी लष्करी विमानाची वाट पाहावी लागावी?

यंत्रे आणि शिक्षण यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. सरकारने रोगावर पाळत ठेवणे आणि सरकारने माणसावर पाळत ठेवणे यांतील सीमारेषा फार पुसट आहे. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, बायाबापड्यांची विटंबना झाली, आणि लोक रुग्ण लपवू लागले. रँडवर गोळी झाडली गेली ती या संतापातून. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. एकाच साथीचे हे दोन चेहरे. एकापासून लोक दडले आणि दुसरीकडे ते आपण होऊन आले. रोगाची बातमी काढावयाची असेल तर कोणत्या वाटेने जावे, हे त्यांतून उघड होते. त्याच सालचा साथरोग कायदा २०२० मध्येही आम्ही बाहेर काढला. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे येथे नाके उभे राहिले आणि रोज कामाला येणारी माणसे सीमेवर ताटकळली. ज्या पत्रादेवीवर १९५५ साली सत्याग्रहींनी सीमा पुसण्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या, तेथेच हे दृश्य पाहताना जुन्या माणसांचा जीव तुटला असेल. साथीत निर्बंध लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण निर्बंध हा अखेरचा उपाय असतो, आणि पहिले उपाय ज्यांना येत नाहीत त्यांच्याच हातून तो प्रथम वापरला जातो.

तीच गोष्ट इस्पितळाच्या दाराची. दोडामार्ग, सावंतवाडीच्या लोकांना म्हापसा आणि बांबोळी जवळ, त्यांचे जिल्ह्याचे ठिकाण दूर. २०१८ च्या आरंभी गोव्याने परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्याचे ठरवले तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले. गोव्याच्या तिजोरीवरील भार आम्हांस मान्य आहे. तो महाराष्ट्राने उचलावा, हेही न्याय्य. परंतु तापाच्या रुग्णाने खिशाकडे पाहून दोन दिवस घरी काढले, तर त्या दोन दिवसांची किंमत सत्तरीही मोजते. निदान तापाच्या तपासणीपुरता तरी माणूस कोणत्या राज्याचा, हा प्रश्न खिडकीवर विचारला जाऊ नये.

ग्वाल्हेरची स्थिती याहून फार निराळी नाही. तेथील गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जयारोग्य इस्पितळात राजस्थानातील ढोलपूरचे आणि उत्तर प्रदेशातील झाशी-इटाव्याकडचे रुग्ण येतात. चंबळचे खोरे तीन राज्यांत विभागलेले आहे. म्हणजे उत्तम प्रयोगशाळा दाराशी असूनही, ढोलपूरच्या खेड्यातील ताप वेळेवर ग्वाल्हेरात पोचेल की नाही, हे ढोलपूरच्या आरोग्यसेविकेवरच अवलंबून.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रशिक्षण राज्याराज्यांचे वेगवेगळे नको, सीमेवरचे एकत्र हवे. सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूर या तीन तालुक्यांतील डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका एका वर्गात बसोत. त्यांच्यासोबत वनरक्षक आणि पशुवैद्यही बसोत, कारण मेलेले माकड प्रथम दिसते ते वनरक्षकाला आणि रानातल्या गोचिडी गावात घेऊन येणाऱ्या गुरांना तपासतो तो पशुवैद्य. काजू बागायतदारांनाही बोलवावे. मजूर कोठून आले आणि कोठे गेले याची वही त्यांच्यापाशी असते. शिकवण मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांतून व्हावी. इंग्रजी चित्रफिती दाखवून चहा-बिस्किटांवर उरकलेले शिबिर आम्हांस अभिप्रेत नाही. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही, हेही गावोगाव सांगावे लागेल. नाहीतर बिचाऱ्या मजुराला विहिरीवर पाणी भरू देणार नाहीत, आणि पुढच्या खेपेस तो ताप लपवील. या वर्गात प्रत्येकाने शेजारच्या तालुक्यातील आपल्या जोडीदाराचे तोंड पाहिलेले असावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक टिपलेला असावा, एवढे झाले तरी आम्ही निम्मे काम फत्ते समजू.

२००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जगाला धोका ठरू शकेल अशा रोगाची वार्ता चोवीस तासांत जिनिव्हास कळवण्याचे बंधन भारताने पत्करले आहे. दोडामार्गाने वाळपईस आणि वाळपईने खानापुरास तेवढ्याच तातडीने कळवावे, असा दंडक तिन्ही राज्यांनी आपापसांत का पत्करू नये? त्यासाठी ना संसदेचा ठराव लागतो ना परकी कर्ज. तीन आरोग्य संचालकांच्या सह्यांचा एक कागद पुरतो.

आणि निवडक तरुणांना पुढे चेन्नईस, दिल्लीस, पुण्यास व ग्वाल्हेरासही धाडावे. बाळकृष्णबुवांनी तालीम घेतली आणि ते परतले. आमच्या मुलांनीही परतावे असे वाटत असेल, तर परतल्यावर त्यांच्यासाठी कायमची जागा, हिंडावयास वाहन आणि वरिष्ठांस न विचारता पहिला नमुना धाडण्याचा अधिकार, ही तीन आश्वासने लेखी द्यावी लागतील.

माकडतापाचे दिवस डिसेंबरात सुरू होतात. काजूचे मजूर घाट उतरू लागतात ते त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. तिन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांची पहिली बैठक त्याआधी व्हावयास हवी. ती पणजीस, मुंबईस किंवा बंगळुरूस न घेता वाळपईस घ्यावी, आणि बैठकीनंतर साहेबांनी जेवणावळीस न जाता पालीपर्यंत एक फेरी पायी मारावी. बूट मात्र जुनेच घालावेत.